दूध येईपर्यंत

९ जानेवारी

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. "आजी, जे जे खाल ते सगळं यात लिहायचं. वेळ, पदार्थ, प्रमाण. आणि खरं लिहायचं हं!"

ही मुलगी वयाने माझ्या छत्रीहून लहान असेल. ती अकरा वर्षं नन्सच्या हाताखाली काढलेल्या बाईला खरं लिहायला शिकवते आहे. मी वही घेतली. घरी येऊन पाहिलं तर आत रकाने आखलेले. मी आयुष्यात कोणाच्या रकान्यात बसले नाही, आता तर मावणारही नाही. तेव्हा बाईंसाठी वेगळ्या कागदावर खाण्याची यादी करीन आणि या वहीत मला हवं ते लिहीन.

आजचं वजन एकाहत्तर किलो पाचशे. गेल्या वर्षी याच काट्यावर बासष्ट होतं. साडेनऊ किलो म्हणजे वर्षाचं गुटगुटीत मूल. ते कडेवर घेऊन मी अष्टौप्रहर हिंडते आहे, आणि हे मूल खाली ठेवता येत नाही.

कारण मला ठाऊक आहे. ती पांढरी, उडदाएवढी थायरॉइडची गोळी. बाई म्हणतात, "गोळीने वजन वाढत नाही, थायरॉइड मंदावल्यामुळे वाढतं, गोळी तर ते आवरायला." मग आवर की! आठ वर्षं गिळते आहे. आधीची सात वर्षं काही झालं नाही हे मान्य. पण भिनायला वेळ लागतोच ना?

११ जानेवारी

पहाटे साडेपाचला थायरॉइडची गोळी आणि सुनेने आणून दिलेली हाडांची गोळी, दोन्ही एका घोटात. चहासोबत. आठला दोन टोस्ट, लोणी, उकडलेलं अंडं. दुपारी भात, भाजी, दही. चारला चहा, बिस्किटं तीन. (पाच.) रात्री सूप.

बाईंच्या कागदावर पहाटेचा चहा लिहिला नाही. तो खाण्यात धरत नाहीत. शाळेच्या बोर्डिंगमध्ये उपासाच्या दिवशी आमच्या सिस्टर आम्हाला दूध घातलेली कॉफी देत आणि म्हणत, "जे चावावं लागत नाही, ते अन्न नव्हे. त्याने उपास मोडत नाही." त्या दिवशी सकाळी गाण्याच्या तासाला उभं राहायचं असायचं आणि पोरी धडाधड चक्कर येऊन पडायच्या, म्हणून ही युक्ती. फार शहाणी बाई. उंच, हाडकुळी, बुटांचा आवाज न करता चालणारी. अजून ती मागून येईल असं वाटून मी पाठ ताठ करते.

हल्ली पहाटे चहा मिळतो, हे एक सुख. आमचे हे होते तेव्हा मेला दूधवाला साडेसहाशिवाय उगवायचा नाही. सगळी गल्ली दूध घेऊन, तापवून, पिऊन मोकळी व्हायची आणि आमच्या दारात शेवटी. रोज झापायची त्याला. हे गेले आणि त्याला अक्कल आली. आता सव्वापाचला दारात हजर.

आदल्या दिवशीचं दूध ठेवावं, तर तेही नशिबात नव्हतं. रात्री उरलेलं दूध हे पिऊन टाकत. घोटभरसुद्धा मागे ठेवत नसत. म्हणत, "शिळ्या दुधाने पित्त होतं." तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं करत. मुळात दूध त्यांना कधी आवडलंच नाही. माणसाच्या खोडी माणसाबरोबर जातात म्हणायचं.

बिनदुधाचा चहा मी पीत नाही. ते गंजाचं पाणी.

१४ जानेवारी

आज घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावला, तोही मनगट चेपून. संध्याकाळी काढला तर कातडीवर पट्ट्याची सगळी शिवण उमटली होती.

या पट्ट्याला सात भोकं आहेत. पाच कारखान्याची, दोन ह्यांनी पाडलेली. आठ वर्षांपूर्वी थायरॉइड निघाला तेव्हाही मी अशीच फुगले होते. मग गोळी सुरू झाली, वर्षभरात पट्टा सैल पडला. ह्यांनी दुकानातली आरी आणून आतल्या बाजूला एक भोक पाडलं. पुढच्या वर्षी आणखी एक. आरी फिरवताना जिभेचं टोक बाहेर काढायचे. म्हणाले, "घड्याळ पुढे जातंय, बाई मागे येतेय. छान चाललंय."

हे घड्याळं दुरुस्त करत. मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर. चाळीस मुली ओळीने उंच स्टुलांवर, कानाला हेडफोन, समोर दोऱ्याच दोऱ्या, आणि मागे सुपरवायझर. (तेवीस वर्षांनी ती सुपरवायझर मी झाले आणि मुली मला 'फणा' म्हणू लागल्या. मला ठाऊक होतं.) भिंतीवर मोठं घड्याळ. त्यावर बघून तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं: "थ्री मिनिट्स ओव्हर." ते घड्याळ एकदा मागे पडायला लागलं. लोकांना तीनाऐवजी सव्वातीन मिनिटं मिळू लागली आणि वर बोंब झाली. दुरुस्तीला एक किडकिडा माणूस शिडी घेऊन आला. शिडीवर चढून घड्याळ उघडलं आणि तास झाला तरी खाली उतरेना. मी म्हटलं, "मिस्टर, थ्री मिनिट्स ओव्हर." शिडीवरून म्हणाला, "एक्स्टेन्शन मिळेल का?"

मिळालं. बेचाळीस वर्षांचं.

२० जानेवारी

चिरंजीव आणि सूनबाई आले होते. मी बसल्या बसल्या झोपले होते, दार तीनदा वाजवावं लागलं. झालं, तेवढं निमित्त पुरलं.

"आई, चेहरा बघ आरशात. सुजलाय."

"आरशातही तोच दिसतो. बदलून देत नाहीत."

"चेष्टा नको. मागच्या आठवड्यात गॅस चालू राहिला होता. वरच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं मला."

मास्तरीणबाईंच्या पोटात पाणी राहत नाही. गॅस बारीक होता, त्यावर काही नव्हतं. पाच मिनिटं फार तर.

सून हळूच म्हणाली, "आई, खोली तयार केलीय. खिडकीची. रंग दिलाय, तुमच्या आवडीचा."

माझ्या आवडीचा रंग कोणता, हे मला कोणी विचारलं नव्हतं. तरी पोरगी वाईट नाही. तिच्या बोटाला खरंच रंग लागलेला होता. पण त्या खोलीत ह्यांची सात घड्याळं लावायला भिंत नाही. आणि खरं सांगायचं तर मला इथून हलायचं नाही. इथे डोळे मिटले तरी कुठे काय आहे ते हाताला कळतं.

शेवटी चिरंजीवांनी बापासारखा आवाज काढून फर्मान सोडलं. मार्चअखेर रक्ताची तपासणी आहे. थायरॉइडचा आकडा असाच वाढलेला आला तर मी त्यांच्याकडे जायचं. हे घर बंद.

"कबूल?"

मी म्हटलं, "कबूल." अकरा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली की शब्द मोडता येत नाही, हा एक तोटा.

२१ जानेवारी

चहा. टोस्ट. झोप. भात. झोप. बिस्किटं मोजली नाहीत.

२९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे. आकडा चोवीस. पाचाच्या आत हवा म्हणे. पहिल्यांदा पंचाहत्तरची गोळी होती, मग शंभरची केली, आज सव्वाशेची.

"आजी, गोळी रोज घेता ना?"

"रोज."

"उपाशीपोटी?"

"उपाशीपोटीच. साडेपाचला."

त्यांनी माझा खाण्याचा कागद वाचला. अक्षर सुंदर आहे म्हणाल्या. अक्षर सुंदर असणारच. पण तेवढ्यासाठी मी तासभर बाकावर बसले नव्हते.

वजन बाहत्तर. काटा त्यांचा, त्यामुळे विश्वास नाही.

परत येताना रस्त्यात तीनदा थांबले. ह्यांच्या जुन्या दुकानापाशी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या पायरीवर बसले. आतला माणूस म्हणाला, "काय दाखवायचंय, काकू?" मी म्हटलं, "काही नाही, मीच बिघडले आहे." तो हसला. हे असते तर आधी कानाशी धरून टिकटिक ऐकली असती.

२ फेब्रुवारी

पहाटेची सवय मोडत नाही. सात वर्षं रोज साडेपाचला हे पलंगाशी उभे. एका हातात पेला, कोमट पाणी, दुसऱ्या तळहातावर गोळी. बोलायचे नाहीत. मी गिळली की पेला घेऊन जायचे आणि मग सात घड्याळांना चावी द्यायला सुरुवात. एकेकाशी दोन मिनिटं. तेवढं झालं की माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे.

"चहा?" मी विचारायची.

"दूध यायचंय."

"हा दूधवाला बदला."

"बदलू. तोवर बोल काहीतरी. कोणाचा फोन जोडला होतास?"

मला काय, बोलायला कारण लागत नाही. रोज एक तास मी एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगत बसायची. दुकानात दिवसभर तोंडातून चकार शब्द न काढणारा माणूस, भिंगाशिवाय डोळे बारीक करून ऐकत राहायचा. एक गोष्ट तर महिन्यातून एकदा तरी सांगायला लावायचा.

दर शनिवारी एक माणूस लांबच्या गावी आईला फोन लावायचा. आईला ऐकू येईनासं झालं होतं, पण ते तिला मान्य नव्हतं. "लाइन खराब आहे रे," म्हणायची. तोही म्हणायचा, "हो आई, लाइनच खराब आहे." लाइन आरशासारखी स्वच्छ! एकदा ती फारच रडवेली झाली, तेव्हा मी नियम मोडून मध्ये बोलले. मोठ्याने, आमच्या सिस्टरांनी मेणबत्तीसमोर घोटून घेतलेल्या आवाजात: "बाई, आज सगळीकडेच लाइन खराब आहे. सॉरी." ती म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते?" पुढे दर शनिवारी ती लाइन मी खराब ठेवली.

"म्हणजे तू खोटं बोललीस," हे म्हणायचे.

"हो."

"आणि तिला कधी कळलं नाही?"

"नाही."

मग हे अगदी समाधानाने मान हलवायचे, जणू काही पुण्य त्यांनीच केलं. तेवढ्यात सायकलची घंटा वाजायची आणि मी दूधवाल्याला सोलायला उठायची.

आता दूध वेळेवर येतं. साडेपाचला चहा हातात असतो. गोष्ट सांगायला कोणी नाही, त्यामुळे पाच मिनिटांत संपतो.

घड्याळांना मी चावी देते, पण कधी आठवण राहते, कधी नाही. सातांमध्ये सात वेळा असतात. त्यातली सोयीची असते ती मी घेते.

३ फेब्रुवारी

ठरवलं. आजपासून गोळी बंद. कोणाला सांगायचं नाही. गोळी बंद केली की सूज उतरेल, मार्चमध्ये आकडा आपोआप ठीक येईल आणि चिरंजीवांनी त्या खोलीत इस्त्रीचं टेबल ठेवावं.

सव्वाशेची डबी साखरेच्या डब्यामागे ठेवली. एकदम हलकं वाटलं. काट्यावर नाही, मनाने.

६ फेब्रुवारी

थंडी. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत हिंडतात, मी शाल आणि वर ह्यांचा स्वेटर. कोपरं फाटलेलाच आहे. टाकायचा टाकायचा म्हणून राहिला.

बिस्किटं वर्ज्य केली. वजन तेवढंच.

९ फेब्रुवारी

पट्टा लागेना. घड्याळ पर्समध्ये ठेवलं.

दुपारी फोन वाजला. "हॅलो," म्हटलं. तिकडून कोणी विम्याची मुलगी. "सर, दोन मिनिटं वेळ आहे का?"

सर.

मी म्हटलं, "मी बाई आहे." ती म्हणाली, "सॉरी सर."

फोन ठेवून दिला. आमच्या एक्स्चेंजमध्ये माझा आवाज ओळखून लोक म्हणायचे, तुम्हीच जोडून द्या, बाई. सिस्टर तोंडासमोर मेणबत्ती धरायच्या आणि 'प' म्हणायला लावायच्या. ज्योत हलली की परत. त्या आवाजाचा आता गंजलेल्या फाटकासारखा आवाज झालाय. ती मुलगी काही खोटं बोलली नाही. तिला काय ऐकू आलं तेच बोलली.

तिला एक खरमरीत शब्द ऐकवायला हवा होता. तोंडाशी आलाच नाही. गेले आठ दिवस असंच होतंय, शब्द शोधेपर्यंत माणूस निघून जातो.

१२ फेब्रुवारी

आज सगळं लिहिणार आहे.

आज दूध आलं नाही. सव्वापाच, साडेपाच, सहा. मी दाराशी खुर्ची टाकून बसून राहिले. सहा पंचवीसला सायकल ढकलत आला.

"काकू, पंक्चर झाली. मधेच. दुकान उघडायची वाट बघत बसलो, शेवटी ढकलतच आलो."

"असू दे," मी म्हटलं आणि पातेलं पुढे केलं.

त्याने पातेलं घेतलंच नाही. माझ्याकडे बघत राहिला. "काकू, बरं नाही का तुम्हाला?"

"का रे?"

"ओरडला नाहीत."

"कंटाळा आलाय ओरडायचा."

मग पातेलं घेतलं. दूध ओतता ओतता, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून, म्हणाला, "चला, आज काकांच्या वेळेला तरी आलो."

"कुठली काकांची वेळ?"

त्याने जीभ चावली. मग मी, आवाज नव्हता तरी, सुपरवायझरची नजर लावली. त्यापुढे चाळीस मुली टिकल्या नाहीत, हा काय टिकणार.

"शपथ घातली होती त्यांनी," म्हणाला. "पण आता ते नाहीत. काकांनी सांगितलं होतं, आमच्याकडे साडेसहाच्या आत दूध टाकायचं नाही. मी सव्वापाचला तुमच्या दारावरूनच जायचो की. पुढची चाळीस घरं करून उलटा यायचो."

"कशाला?"

"तुमची ती गोळी. गोळीनंतर तासभर पोटात दूध जाता कामा नये म्हणे, नाहीतर गोळी लागू पडत नाही. म्हणाले, तिला सांगितलं तर ती मुद्दाम पिईल."

मी उंबऱ्यावर बसले. खुर्ची मागेच होती, पण उंबरा जवळ होता.

"सात वर्षं मी तुला शिव्या घातल्या."

"घातल्यात की. कासवाच्या जातीचा म्हणालात. तुझ्या गायी सकाळी आधी शाळेत जातात का, म्हणालात. ते मी घरी सांगितलं तर बायको अजून हसते."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"कसं बोलणार? तुम्ही ओरडत असायच्या तेव्हा काका तुमच्या मागे, दाराआडून डोकावत मला हात जोडायचे."

आमचं दार आतल्या बाजूला उघडतं. त्याच्याआड एक माणूस उभा राहील इतकी जागा आहे. मी वळून बघितली. तिथे केरसुणी होती.

"एकदा मी म्हटलं त्यांना," तो पुढे म्हणाला, "काका, एकदा सांगून तर बघा काकूंना. तर म्हणाले, बिघडलेल्या घड्याळाला विचारून कोणी दुरुस्त करतं का? माझं हे घड्याळपण त्यांनीच शेवटपर्यंत चालू ठेवलं." त्याने मनगट पुढे केलं. "ते गेले, मला वाटलं आता तुम्हाला तरी दूध वेळेवर मिळावं. गोळी अजून चालू असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आहे का चालू?"

मी पातेलं उचलून आत आले.

१३ फेब्रुवारी

संताप संताप झालाय. मुद्दाम पिईल! बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल हे मत! दूधवाल्यापाशी!

अर्थात प्यायले असते. डॉक्टरने 'तासभर चहा नाही' असं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे थर्मास उघडला असता. आठ वर्षांपूर्वी आधीच्या डॉक्टरांनी 'बाई, जरा वजन' एवढंच म्हटल्यावर मी दार आपटून बाहेर आले होते. हे आत राहिले होते, वीस मिनिटं. मला वाटलं होतं, माझ्या वतीने माफी मागत असतील.

शनिवारच्या त्या माणसाची गोष्ट कितीदा सांगायला लावली. "आणि तिला कधी कळलं नाही?" म्हणायचे. आणि मी मोठ्या ऐटीत म्हणायची, "नाही."

रात्रीचं दूध. रोज. नाक मुरडून.

आणखी लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. गोळी बंद केली तेही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"उपाशीपोटी घेते म्हणाला होतात ना?"

"उपाशीपोटीच घेत होते. चहासोबत."

"आजी! चहा म्हणजे उपाशी नाही!"

"चावावं लागत नाही ते अन्न नव्हे, असं आमच्या सिस्टर म्हणायच्या."

"सिस्टरना थायरॉइड होता का?"

 छत्रीहून लहान असली तरी जिभेला धार आहे पोरीच्या. मग ती हसायलाच लागली, आणि हसून झाल्यावर मला अशी झापली की मी पाठ ताठ करून बसले. गोळी मनाने बंद केली यावरून जास्त. कोणी बेशुद्ध पडतं म्हणाली, थट्टा नाही. आता परत जुनी पंचाहत्तरची. नुसत्या पाण्यासोबत. मग तासभर काही नाही. हाडांची गोळी दुपारी जेवणानंतर, तीही आड येत होती. आणि वजन सगळंच्या सगळं थायरॉइडचं नाही, काही बिस्किटांचं आहे, ते वेगळं.

"कागदावर चहा का लिहिला नाहीत?"

"तुम्ही खाल्लेलं लिहा म्हणाला होतात."

तिने माझ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: तोंडात जाईल ते सगळं.

१७ फेब्रुवारी

साडेपाचला गोळी, पाणी. पेला मीच भरला, मीच ठेवला.

दूध दारात येऊन पडलेलंच होतं. एक तास काढायचा म्हणून मी त्या पातेल्याकडे बघत बसले. असला लांब तास मी एक्स्चेंजमध्ये संपाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. सहा वाजून पाच मिनिटांनी हरले. चहा टाकला, प्यायले.

मुद्दाम पिईल, म्हणे.

१८ फेब्रुवारी

पहाटे दाराशी जाऊन दूधवाल्याला थांबवलं. "उद्यापासून काकांच्या वेळेला ये."

"म्हणजे चाळीस घरं करून उलटा?"

"उलटा."

तो जरा घुटमळला. "आणि ओरडणार?"

"ते मी आत्ताच काय सांगू?"

२५ फेब्रुवारी

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

गोळी घेतली. सातही घड्याळं मास्तरीणबाईंच्या रेडिओवर लावून घेतली, चावी दिली. एकेकाला दोन मिनिटं लागतात, ते चौदा मिनिटं. मग त्यांची खुर्ची समोर ओढली. ही वही घेऊन बसले. दूध येईपर्यंत लिहायचं असं ठरवलंय, बोलायला कोणी नाही तर निदान हे.

इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही दुधाची वाट बघत बसायचो. ते बसायचे ते माझ्यासाठी. स्वतः चहाचे एवढे षौकीन, दुकानात दिवसाला सहा कप. पण त्या एका तासात कधी "मला तरी कोरा टाक" म्हणाले नाहीत. माझ्यासमोर प्यायचा नाही, म्हणून. हे मला आज, सहा वाजता, त्यांच्या खुर्चीकडे बघताना कळलं.

अहो, सांगायचं होतंत. दार आपटलं असतं मी. चार दिवस बोलले नसते. मग ऐकलं असतं.

नसतंच ऐकलं.

घंटा वाजली.

१५ मार्च

काल विम्याच्या मुलीचा परत फोन आला. "मॅडम, दोन मिनिटं वेळ आहे का?"

तिला तीन दिली. पॉलिसी घेतली नाही.

३१ मार्च

आकडा सात. अजून पाचाच्या आत नाही, पण वाटेवर आहे म्हणाल्या बाई. वजन एकोणसत्तर किलो दोनशे. त्यांच्या काट्यावर, आणि आज तो काटा मला बराच प्रामाणिक वाटला.

चिरंजीव रिपोर्ट उलटा-सुलटा करून वाचत होते. "कसं काय केलंस?"

"तुझ्या बापाने केलं."

काय ते सगळं सांगितलं. त्याने रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा मला गणिताचं भय होतं ना, तेव्हा बाबा म्हणायचे, हे गणित मलाच येत नाही, तू शिकव." आणि एकदम उठून दाराआडची केरसुणी काढून दुसरीकडे ठेवली. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सून म्हणाली, "मग आई, ती खोली?"

"राहू दे. पावसात येईन चार दिवस. रंग कुठला दिलायस?"

"पिवळा."

"मला पिवळा आवडत नाही," मी म्हटलं. तिचं तोंड पडलं. "पण बघीन."

संध्याकाळी पर्समधून घड्याळ काढलं. पट्टा शेवटच्या भोकात लागला. आतली दोन भोकं, त्यांच्या आरीची, अजून लांब आहेत. चावी दिली, लगेच चालायला लागलं.

१ एप्रिल

साडेपाचला गोळी. सात घड्याळं. मग वही.

आज शनिवार. त्या फोनवाल्या माणसाच्या आईची गोष्ट पहिल्यापासून लिहायला घेतली आहे, तिच्या 'लाइन खराब आहे रे'सकट. अर्धं पान झालं होतं, तेवढ्यात घंटा वाजली. मनगटावर बघितलं. सहा पंचवीस.

पाच मिनिटं आधी!

दार उघडून असा झापला त्याला की वरच्या मास्तरीणबाईंची खिडकी उघडली. "ठरलेली वेळ म्हणजे वेळ! तुझ्या गायींना पंख फुटले का? परत जा आणि पाच मिनिटांनी ये!"

तो माझ्याकडे बघून हसत नव्हता. माझ्या मागे, दाराच्या दिशेला बघून हसत होता. सायकल वळवून निमूट कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे घड्याळ बघत उभा राहिला.

दूध यायला अजून चार मिनिटं आहेत. तोवर गोष्ट पुरी करते.